झेरॉक्स काढलेलं गाव

घोडेगावात तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नगररचनेचं माझं जे काही शिक्षण झालं ते या मशीनवर. सातबारा, फेरफार, मोजणीचे नकाशे, एनएचे आदेश, प्लॉटिंगचे लेआउट, सगळं माझ्या हाताखालून जातं आणि जाताना मी ते वाचतो. वाचू नये हे मला कळतं. पण मशीन गरम होईपर्यंत माणसानं करायचं काय? असं फुकटात वाचून वाचून माझी काही ठाम मतं झाली आहेत आणि झेरॉक्सबरोबर ती मी गिऱ्हाइकाला मोफत देतो. काही जण त्यामुळंच पलीकडच्या दुकानात जातात.

सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या गाड्या आहुप्याच्या बाजूला डोंगर बघायला जातात आणि येताना प्लॉट बघून येतात. मग त्यातलं कुणीतरी लेआउटची प्रत काढायला माझ्याकडे थांबतं. कागदावर झाडं, कारंजं, मुलांची घसरगुंडी. प्रत्यक्षात तिथं एक भली मोठी कमान असते आणि कमानीला कुंपणच नसल्यामुळं शेळ्या तिच्या बाजूनं आत जातात. मी सांगतो, "साहेब, आधी रस्ता, मग गटार, मग पाणी, मग घर, असा क्रम पाहिजे. आपल्याकडं आधी कमान, मग घर, मग भांडण, आणि गटार कोर्टात." हे वाक्य मी इतक्या वेळा वापरलंय की बायको डबा घेऊन आली आणि मी 'आधी कमान' म्हणालो की ती डबा ठेवून तशीच मागं फिरते.

पण हे बोलायचा मला अधिकार आहे असं मी मानायचो, कारण इथून जवळच असलेलं आमचं गाव नियोजित आहे. मूळचं गाव धरणात गेलं. ते डोंगराच्या उतारावर होतं, घरं वर-खाली, जागा मिळेल तशी. मी तेव्हा शाळेत होतो. आम्हाला सपाट माळावर नवं गावठाण आखून मिळालं. सरळ गल्ल्या, सारखे प्लॉट, एका चौकोनात शाळा, एका चौकोनात देऊळ. कुणाला कुठला प्लॉट ते चिठ्ठ्या टाकून ठरलं, त्यामुळं वरच्या आळीचे आणि खालच्या आळीचे सगळे एकमेकांत मिसळून गेले. तरी आमच्याकडं माणसं आजही वरच्या आळीची आणि खालच्या आळीचीच आहेत. माझी आई रोज संध्याकाळी पदर सावरून म्हणायची, "खाली जाऊन येते." गावात खाली असं काही नाही, सगळा माळ ताटासारखा. 'खाली' म्हणजे तिच्या मैत्रिणीचं घर. ती जुन्या गावात खालच्या आळीला राहायची. आता दोन गल्ल्या सोडून राहते, आणि खरं तर तिच्या घराचं जोतं आमच्यापेक्षा उंच आहे.

या दोघींची लग्नं एकाच साली एकाच गावात झाली. नदीवर धुणं एकत्र, भाताची लावणी एकत्र, सासवांच्या तक्रारी एकत्र. आता सासवा गेल्या, नवरे गेले, मैत्रिणीचे गुडघेही गेले, म्हणून आईच तिच्याकडं जायची. रोज बोलायला त्यांना काय सापडायचं देव जाणे. एकदा मी दाराबाहेरून ऐकलं तर जुन्या गावातल्या एका म्हशीवरून चाललं होतं.

तर अशा सुंदर नकाशाच्या गावात लोकांनी काय केलं? ओटे बांधले. सरकारनं आखलेल्या गल्लीत जो तो दारापुढं हात-दीड हात पुढं आला. कुणी ओट्याला तुळस जोडली, कुणी रांजण ठेवला, कुणी शेळीचा खुंटा ठोकला. गाव उठलं तेव्हा काहींनी घराचे दगडसुद्धा ट्रकमध्ये घालून आणले होते, ते ओट्यात बसवले. मैत्रिणीच्या ओट्यात तर अख्खा उखळाचा दगड होता. मला हे सगळं बघवायचं नाही. सामासिक अंतर म्हणजे घर आणि रस्ता यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा, हे मी गावातल्या झाडून सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. लोक ओट्यावर बसूनच ऐकायचे.

मग गावात काँक्रीटचे रस्ते मंजूर झाले आणि माझे दिवस आले. मूळ गावठाणाच्या नकाशाची एक प्रत माझ्याकडं होती. तिच्या मी पदरच्या कागदावर ढीगभर झेरॉक्स काढल्या आणि घरोघर वाटल्या. प्रत्येकीवर ज्याचा त्याचा ओटा लाल पेनानं आखला. अर्जही मीच लिहिला. त्यात रांजण, खुंटे, धुण्याचे दगड, तुळशी, सगळ्यांचा उल्लेख 'रहदारीस अडथळा' असा केला होता. आमच्या गल्लीत तेव्हा रहदारी म्हणजे दुधाचा टेम्पो आणि मी. सरपंच ग्रामसभेत म्हणाले, "भाऊ, तुमी आता बसा, पाडतो आमी." मला ते कौतुक वाटलं.

ओटे गेले, आमचाही. रस्ता झाला. नव्या रस्त्यापुढं जुनी दारं शोभेनात म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांत बहुतेकांनी दर्शनी भिंती नव्या केल्या. ठेकेदार एकच, फरशी एकच, प्रत्येक दाराला काळ्या ग्रॅनाइटची एक पायरी आणि चकचकीत स्टीलचं रेलिंग. सकाळी गल्लीच्या एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकापर्यंत रेषेसारखं दिसायचं. मी त्याचा फोटो काढून व्हॉट्सअपला स्टेटस ठेवलं आणि खाली लिहिलं, 'नियोजन'. बायकोनं ते बघून विचारलं, "कुनाची गल्ली ही?"

तिला ओळखू आली नाही यात मला तेव्हा विनोदच वाटला.

त्यानंतर एका संध्याकाळी मी दुकान बंद करून घरी आलो तर आई 'खाली'हून परतली नव्हती. मैत्रिणीकडं गेलो. ती म्हणाली, "मगाशीच गेली की रं." मी मोटारसायकल गल्ल्यागल्ल्यांतून फिरवली. जो भेटला तो म्हणाला, आत्ताच दिसल्या, फिरत व्हत्या. एकानं विचारलंही होतं तिला, कुठं निघालात म्हणून. "डाक्टरनं फिराया सांगितलंय," असं आई म्हणाली होती. डॉक्टरनं असलं काही सांगितलं नव्हतं.

ती सापडली मागच्या गल्लीत, आमच्या बरोब्बर पाठीमागच्या घरात, खुर्चीत बसलेली. त्या घरची सून मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "आज्जी आल्या, चपला काढल्या, आत येऊन बसल्या आन् च्या टाक म्हनल्या. मी दिला. मग कप बघून म्हनल्या, हे कप कवा आनलं गं? तवा माझ्या ध्यानात आलं. मी काय बोलले न्हाई. त्यांच्या बी ध्यानात आलं असंल, कारन मग त्या उठनातच."

नकाशावर ते घर आणि आमचं घर म्हणजे एकमेकांची झेरॉक्स. तीच पायरी, तेच रेलिंग, दार त्याच हाताला. ओटे गेल्यावरही निदान जुन्या दारांवरून तिला घर कळायचं, आता तीही राहिली नव्हती. आईची नजर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही अधूच आहे. ती त्या दारातून आत गेली यात तिची काहीच चूक नव्हती. वाटेत ती मला एवढंच म्हणाली, "गाव लई सारखं झालंय रं." एरवी या विषयावर मी तासभर बोलतो.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. म्हणाली, पाय दुखतोय. तिसऱ्या दिवशी पाऊस येईल म्हणाली, आभाळात ढगाचं चिन्ह नव्हतं. मग आठवडा गेला, महिना गेला. संध्याकाळ झाली की ती दारात उभी राहायची, पदर सावरायची आणि आत येऊन टीव्हीवरची हिंदी मालिका लावायची. तिला हिंदी येत नाही. तिकडं मैत्रीण रोज सुनेला विचारायची, आली का गं ती.

मी उपाय सुरू केले. पहिला उपाय अर्थातच पाट्या. ग्रामपंचायतीच्या मागं लागून गल्लीगल्लीच्या तोंडाला निळ्या पाट्या लावून घेतल्या, त्यावर ठसठशीत आकडे. आईला हाताला धरून पाटीपुढं उभं केलं आणि मग मला आठवलं की तिला आकडे वाचता येत नाहीत. जन्मभर मला हे माहीत होतं. दुसरा उपाय व्हिडिओ कॉल. दोघींनीही फोन कानाला लावला, त्यामुळं मला आणि त्या घरच्या सुनेला अर्धा तास एकमेकांकडचे कान दिसले. तिसरा उपाय म्हणून मी म्हणालो, रोज मोटारसायकलवर सोडतो आणि घेऊन येतो. त्यावर ती चिडली. "पोचवाया-आनाया मी काय गठुडं हाये?"

शेवटी एक दिवस दुकान न उघडता मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "आधी कशी जायचीस गं तू?"

ती डोळे मिटून सांगायला लागली. आपल्या वट्यावरनं उतरायचं. शेळीचा वास आला की वळायचं. रांजनाला हात लावायचा, गार लागला की म्होरं जायचं. मग त्यो वाकडा वटा, त्यो पायाला लागायचाच, त्याला शिव्या घालायच्या आन् उजव्या हाताला वळायचं. उखळाचा दगूड लागला की आलं तिचं घर.

मी ऐकत होतो आणि मला माझा अर्ज पाठ होता. तिनं सांगितलेलं एकेक त्यात होतं आणि प्रत्येकापुढं 'अडथळा' लिहिलेलं होतं. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला. पुण्याच्या लोकांना त्यांची शहरं कशी चुकली हे सांगणारा मी, आणि माझ्या आईला गावात चालायची जागा मी ठेवली नव्हती.

मग गावानं एक तमाशा बघितला. ज्यानं ओटे पाडले तोच स्वतःच्या दारापुढं सामासिक अंतरात ओटा बांधायला लागला. येणारा-जाणारा थांबायचा. "काय राव, नकाशा बदलला का?" "भाऊ, आमच्याकडं तुमच्या अर्जाची झेरॉक्स हाये, पायजे का?" मी मान खाली घालून विटा भिजवत होतो. ओटा झाल्यावर घरोघर गेलो आणि रांजण, खुंटा, जे काही होतं ते पुन्हा बाहेर काढा म्हणून विनवलं. कारण विचारलं की खरं कारण सांगत होतो. चेष्टा तिथं थांबायची. रांजण दुसऱ्याच दिवशी बाहेर आला. शेळी तर कधी आत गेलीच नव्हती, नुसती परसात नेली होती, ती पुढं आली. मैत्रिणीच्या मुलानं परड्यात पडलेला उखळाचा दगड पहारीनं लोटत आणून पायरीला टेकवला. सरपंच बघून न बघितल्यासारखं करून गेले.

राहिला वाकडा ओटा. त्याचा मालक माझ्यावर खरोखर रागावलेला होता आणि त्याला कारण होतं. त्याच्या वडलांनी तो बांधला होता. तो म्हणाला, "पाडला तुमी, आता तुमीच बांधून द्या. आन् गवंडी लावायचा न्हाई." मी दोन दिवस तिथं राबलो. ओळंबा लावला, दोरी लावली, सगळं शास्त्रानुसार केलं. तरी शेवटी ओटा वाकडाच झाला. तो मालक लांबून बघत राहिला आणि मग हसत हसत जवळ येऊन म्हणाला, "आगदी तसाच जमलाय."

त्या संध्याकाळी मी आईला 'जा' असं सुचवलं नाही. रोजच्यासारखी ती दारात उभी राहिली. पण आज उंबऱ्याबाहेर पाय टाकून चाचपलं. पायाखाली ओटा लागला तशी जरा थांबली, मग पदर सावरला आणि म्हणाली, "खाली जाऊन येते."

मी चार पावलं अंतर ठेवून मागं निघालो. शेळीपाशी ती वळली. रांजणाला हात लावला, तो हात तोंडावरून फिरवला. माझ्या लक्षात आलं की सबंध गल्ली दारात येऊन उभी आहे. पुढं वाकडा ओटा आला आणि तिचा अंगठा खाडकन त्याच्यावर आपटला.

"कुना मुडद्यानं बांधलाय ह्यो!" ती ओरडली.

माझ्या तोंडून "आई" निघून गेलं. ती मागं वळली, डोळे बारीक करून तिनं मला ओळखलं आणि हातानं मला घराकडं हाकललं.

"मागं मागं कशाला येतूस? जा घरी. अंधार पडंल, वाट घावायची न्हाई तुला."