चाचीचा फ्लॅट, सरकारची जागा

आमच्या बिल्डिंगीत बारा फ्लॅट आहेत आणि सोसायटीची सचिव कित्येक वर्षांपासून मीच आहे. दुसरं कोणी उभंच राहत नाही. लोक म्हणतात, बाईंचं तोंड फार चालतं. चालतं ना! ते चालतं म्हणून टाकीत पाणी असतं आणि जिन्यात दिवा असतो.

चंद्रपुरातली आमची ही जागा नझुलाची. म्हणजे जमीन सरकारची, तीस वर्षांच्या पट्ट्यावर दिलेली, आणि तिच्यावर बांधलेले फ्लॅट आमचे. माझ्या खरेदीखतात तशी ओळ होती. मी ती वाचली होती, आणि भिण्यासारखं मला त्यात काहीच दिसलं नव्हतं. मी मूल तालुक्यातली, धानाच्या गावची. माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्याच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, ठेक्यानं केल्या. पाडव्याला ठेक्याचा पहिला हिस्सा घेऊन मालकाच्या घरी जायचं. त्यानं तो ठेवून घेतला, की पुढचं साल पक्कं. कागद नाही, सही नाही. परत केला, तर समजायचं की बांधी गेली.

तोच न्याय मी शहरात लावला. दरवर्षी जमिनीचं भाडं कचेरीत भरायचं आणि पावती फायलीला लावायची. सरकार भाडं ठेवून घेतं ना, मग पट्टा चालू आहे! एकदा खालच्या मजल्यावरच्या चक्कीवाल्यानं विचारलं होतं, पट्ट्याची मुदत किती उरली म्हणून. मी त्यालाच झापलं. "पावती दिसून राह्यली ना, भाऊ? मग काऊन भेता?" सगळ्यांना पटलं, कारण अर्धी बिल्डिंग माझ्यासारखीच धानपट्ट्यातून आलेली.

माझ्या समोरच्या दारात चाचा-चाची राहायचे, तिसऱ्या मजल्यावर. चाचांचं बाजारात शिलाईचं दुकान होतं, ते आता बंद. चाची लग्नाच्या ओढण्यांवर जरीकाम करायची. असा बारीक टाका, की बघत राहावं. पण तिचे गुडघे पार गेले, आणि बिल्डिंगीला लिफ्ट नाही. वर्ष उलटून गेलं, चाची खाली उतरली नव्हती. ईदला लोक वर येऊन भेटून गेले. खिडकीतून भाजीवाल्याशी भांडायची, तेवढंच तिचं बाहेर जाणं.

तिची लेक चामोर्शीला. तिच्या शेजारचं बैठं घर विकायला निघालं. पायरी एकच, पुढं अंगण. घरमालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार झाला. फ्लॅट विकायचा आणि ते घर घ्यायचं, असं ठरलं. फ्लॅटला गिऱ्हाईकही मिळालं, एक शाळामास्तर. चाचीनं तर भांडी बांधायला घेतली.

आणि मास्तरांच्या बँकेच्या वकिलानं फाईल परत पाठवली. पट्ट्याची मुदत सहा वर्षांपूर्वीच संपलेली. नूतनीकरण झालेलं नाही. विकायला सरकारची परवानगी लागते, आणि मेलेल्या पट्ट्यावर ती मिळत नाही. कर्ज नाही.

मी पावत्यांचा गठ्ठा घेऊन तडक कचेरीत गेले आणि टेबलावर आपटला. तिथले बाबू शांत माणूस. म्हणाले, "बाई, भाडं घेतलं म्हणजे पट्टा वाढला असं नसते. जागा वापरता, त्याचं भाडं घेतलं. पट्टा वाढवाले अर्ज कराव लागते, मुदत संपाच्या आधी. तुमचा अर्ज कुठी आहे?"

अर्ज नव्हताच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पावत्या गोळा केल्या आणि घरी आले.

संध्याकाळी गच्चीवर सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, चूक माझी आहे. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू? बापानं स्वतःची वीतभर जमीन कधी पाहिली नाही, म्हणून मी हौसेनं आपलं घर घेतलं, आणि माझ्याच अडाणीपणानं बारा घरं लटकवून ठेवली. खाली आले, तर चाची दारात खुर्ची टाकून बसलेली. माझे डोळे बघून म्हणाली, "चुकली ना? मग निस्तर. रडून का होते?"

निस्तरायला घेतलं. सरकारी काम, सहा महिने थांब, म्हणतात ते काही उगाच नाही. बारा घरांची खरेदीखतं गोळा केली. भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका काढली, जागा कोणाची आणि कोणत्या अटीवर ते सांगणारा तो कागद. मंजूर नकाशा एकाच्या माळ्यावर उंदरांच्या तावडीतून सोडवला. उशिराचा दंड सगळ्यांनी मिळून भरला, कुरकुर न करता. मग पाहणीला साहेब आले आणि चक्कीपाशी थबकले. जागा राहण्यासाठी दिलेली, तिथं पिठाची गिरणी म्हणजे अट मोडली. चक्की हलवा, नाहीतर पट्टा विसरा.

चक्कीवाला भडकला. "मी मुदत इचारली तवा मले झापलं, अन् आता मीच जाऊ?" मी हात जोडले. हो, मी! म्हटलं, भाऊ, तेव्हा तुमचंच बरोबर होतं. त्यानं वर बघितलं, खिडकीत चाची होती. आठ दिवसांत त्यानं बाजारात गाळा पाहून चक्की हलवली. त्या माणसाचा मला अभिमान आहे, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं आहे.

दिवाळीच्या तोंडावर आदेश आला. पट्टा पुढच्या तीस वर्षांसाठी वाढला, आणि चाचीच्या फ्लॅटला विक्रीची परवानगीही मिळाली. आता नझुलाच्या दुसऱ्या बिल्डिंगींतले लोक माझ्याकडे विचारायला येतात. मी पहिला प्रश्न विचारते, मुदत कधी संपते? पावती दाखवायला लागले, की पावती खिशात ठेवायला सांगते.

मास्तर थांबले होतेच, राहिलं विक्रीपत्र. फ्लॅट चाचीच्या नावावर, म्हणून नोंदणीला तीच हजर पाहिजे. आजारी माणसाच्या घरी येऊनही नोंदणी करतात, तसा अर्ज मी लिहून ठेवला होता. चाचीनं तो वाचायला लावला आणि फाडायला सांगितलं. मग आम्ही खुर्ची आणली, चार जण उचलून नेणार होते.

"हटा," चाची म्हणाली. "घर माह्यं आहे. माह्या सुईनं घेतलं, मी बिकून राह्यली. उचलून कायले नेता? चोरीचा माल आहो का?"

आणि ती पायरीवर बसली. हात टेकायचा, अंग सरकवायचं, पाय खाली घ्यायचा, दम खायचा. मग पुढची पायरी. प्रत्येक मजल्यावर लोक दारात उभे होते. हात पुढे करायची कोणाची छाती झाली नाही. चाचा तिच्या चपला घेऊन पुढं, मी फाईल छातीशी धरून मागं. चक्कीवाला मुद्दाम बाजारातून आला होता, तो खाली दाराशी उभा.

शेवटच्या पायरीवरून ती कठडा धरून उठली. घामानं निथळत होती, गुडघे थरथरत होते. चाचा चपला घालायला वाकले, तर त्यांनाही तिनं बाजूला केलं, स्वतःच घातल्या, आणि ओढणी सारखी करून ऑटोकडे चालत गेली. मी रडत होते. त्या दिवशी ती आपलं घर विकायला निघाली होती, आणि तिच्यासारखी घरमालकीण मी अजून पाहिलेली नाही.