झाकणावरचे ठिपके

बंदुकीची गोष्ट मी कुणालाही सांगतो. इथे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात नवा माणूस आला, की क्वालिटीचा प्रमुख म्हणून पहिल्याच दिवशी मी त्याला ती ऐकवतो. मागून गोळी भरायच्या बंदुका नव्याने निघाल्या, तेव्हा फट जराशी जास्त राहिली तर जळता वायू चालवणाऱ्याच्याच तोंडावर यायचा. म्हणून कारागीर एकेक भाग कानशीने, म्हणजे फाइलने, घासून त्या त्या बंदुकीला बसवत. पुढे अमेरिकेतल्या एका शस्त्रशाळेत प्रत्येक भागाची मापं ठरली, यंत्रं आली, आणि कुठल्याही बंदुकीचा भाग कुठल्याही बंदुकीला बसू लागला. शिलाई मशीन, सायकल, आमचा व्हॉल्व्ह, सगळं त्याच वाटेने आलं.

परवाच्या फॅमिली डेला हे करूनच दाखवायचं ठरवलं. मुलीला मेकॅनिकलला जावंसं वाटावं, एवढाच माझा डाव होता. तयार व्हॉल्व्ह उघडले, बॉडी आणि झाकणं टेबलावर सरमिसळ केली आणि तिला म्हटलं, "उचल कुठलंही, लाव कशालाही."

पहिलं झाकण बसेना. दुसरंही अडकलं. सगळ्यांची बायकापोरं बघत होती, एसीतही मला घाम फुटला. ती मात्र झाकण उलटंसुलटं करून बघत होती. "बाबा, देअर आर डॉट्स. थ्री हिअर, थ्री देअर." तीन ठिपक्यांचं झाकण तिने तीन ठिपक्यांच्या बॉडीवर ठेवलं. ते अलगद बसलं.

मी फोरमनकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "सर, फाइल मारके जोडी बनाते हैं. आपको बोलते तो आप फिर बंदूकवाला किस्सा सुनाते."

सगळे हसले. माझ्याकडे तपासणीला व्हॉल्व्ह जोडूनच येत. उघडून झाकणांची अदलाबदल करून बघावी, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना गाडीत अजमानच्या सिग्नलला ती म्हणाली, "डिड यू नो?"

हो म्हटलं असतं, तर निदान मूर्ख तरी ठरलो नसतो. "नाही," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

"इट्स ओके, बाबा," म्हणत तिने माझ्या खांद्यावर थोपटलं. गणितात कमी मार्क पडले की मी तिला थोपटतो, अगदी तसं.