मोन्चोचा पट्टा

वायेदुपार शहरातल्या बाजारामागे मशीनवर भरतकाम करून देणाऱ्या एनिल्साबाईंना एकच व्यसन होतं. वस्तू दिसली की ती कापड ताणायच्या रिंगमध्ये कशी बसेल, याचा विचार सुरू. रुमाल-शर्टांत त्यांना गंमत वाटत नसे. सपाट कापड काय, कुणीही ताणेल. बूट किंवा छत्री आली की डोळे लकाकत. चर्चमध्येसुद्धा लक्ष पाद्रीबाबांच्या चपलांवर.

नवरा तार्सिस्यो लॉटरीची तिकिटं विकायचा. तो म्हणे, "मी हातपाय पोटाशी घेऊनच झोपतो. सावध असलेलं बरं."

एका मंगळवारी अकॉर्डियनवाले तोरिबियो मास्तर आले. त्यांनी टेबलावर अकॉर्डियनचा खांद्याचा पट्टा ठेवला. वर चामडं, आत मखमल, मध्ये कापूस आणि टोकाला ही एवढी जड बक्कल.

"मोन्चोने दिलेला," मास्तर म्हणाले. मोन्चो म्हणजे त्यांचा भाऊ. मास्तर वाजवायचे, तो गायचा. डिसेंबरात गेला. "शनिवारी चौकात स्पर्धा आहे. छातीपाशी त्याचं नाव घाल, पोरी."

"बिघडला तर दुसरा पट्टा आहे?"

"दुसरा भाऊ आहे का मला?"

चामड्यात सुई शिरली की ते भोक कायमचं. रिंगमध्ये दाबावं तर मखमलीवर जन्माचा वळ, गोंद लावावा तर मखमलीचं मातेरं. दोन दिवस एनिल्साबाई पट्टा गळ्यात अडकवून फिरल्या. त्यातच त्यांनी अंडी घातलेल्या आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड पुऱ्या, तळल्या, त्यातल्या चार करपल्या.

तिसऱ्या दुपारी त्यांची नजर खाटेवर गेली. मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली, आत तार्सिस्यो घोरतोय. त्याला कुणी धरलं नव्हतं, पण जाणार कुठे?

त्यांनी रिंगमध्ये नुसता जाड कागद ताणला. त्यावर पट्टा निजवला आणि वर पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा पांघरला. मग पट्ट्याच्या दोन्ही कडांना, चामड्याला न शिवता, पापुद्रा आणि कागद कच्च्या टाक्यांनी जोडून टाकले. मच्छरदाणीच ती. फक्त आत निजवलेला हा पहिला पट्टा मास्तरांचा नव्हता; चाचणीसाठी त्यांनी नवऱ्याच्या तिकिटांच्या पिशवीचा घेतला होता.

"अगं, माझ्या पोटापाण्याचा पट्टा आहे तो."

"म्हणूनच. मजबूत असणार."

मशीनने 'मोन्चो' भरलं, पट्टा केसभरही हलला नाही. पण तार्सिस्योने पिशवी गळ्यात घातली, तर 'मोन्चो' छातीवर शीर्षासनात! पिशवीच्या पट्ट्यालाही बक्कल होती; ती मशीनखाली अडकू नये म्हणून बाईंनी ते टोक आपल्याकडे ठेवलं होतं, त्यात सगळा पट्टाच फिरला होता. एक बटण दाबलं असतं तर मशीनने अक्षरं फिरवून दिली असती. बोट बटणापर्यंत गेलं आणि थांबलं. त्यांनी मास्तरांना बोलावणं धाडलं.

"मास्तर, हे नाव वाचणार कोण?"

मास्तरांनी पिशवी स्वतःच्या गळ्यात घातली आणि खाली पाहिलं. तिथून नाव सरळ वाचता येत होतं.

"मोन्चो गायचा तेव्हा माझी मान वर असायची, त्याच्याकडे," ते म्हणाले. "आता खालीच असते. असंच कर."

शनिवारी मास्तर वाजवायला उभे राहिले, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "मास्तर, नाव उलटं लावलंय."

मास्तर खाली बघून हसले आणि वाजवत राहिले.

गर्दीत तार्सिस्यो त्याच नावाची पिशवी मिरवत तिकिटं विकत होता. वाचायला मान वाकडी केलेला माणूस तिकीट घेतल्याशिवाय सरळ होत नाही, हा शोध त्याला लागला होता.

एनिल्साबाई मात्र मास्तरांच्या शेजारच्या ढोलाकडे टक लावून बघत होत्या. त्याच्या कातड्याला तर रिंग आधीपासूनच होती.