आवणीतली तीन मतं

वेठ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांचा मला हेवा वाटतो. साहेबाचं सामान, शिपायाचं गाठोडं, दरबारच्या कामाचं लाकूड, जे सांगतील ते डोक्यावर घ्यायचं आणि पोचवून यायचं. मजुरी नाही. आमच्या पाड्यात ही वेठ सांगायचं काम माझ्या बाचं होतं. त्याने बांधावर उभं राहून तोंडाशी दोन्ही हात धरले की घराघरांतून माणसं निघायची. त्या कामापोटी आम्हाला ओढ्याकाठचं भाताचं शेत मिळालं होतं, आणि आमचा पाडाच जव्हार संस्थानात जामसरच्या अंगाला, म्हणून बा ठामपणे म्हणायचा, “राजा आपला हाय. आपल्या माणसाचं काम केलं तर काय झिजतं?”

काकाला ते पटत नव्हतं. काका म्हणजे बाचा धाकटा भाऊ. तो खाली डहाणूच्या बाजूला गवत कापायला गेला होता. तिथे मजूर एकजुटीने हातातले विळे खाली ठेवताना त्याने पाहिले, आणि तांबड्या बावट्याचं बोलणं घेऊन तो परत आला. तिसरा माझ्या आत्याचा नवरा. तो मोखाड्याचा. मोखाडा इंग्रजांच्या ताब्यात, तिथे बाजारात सभा व्हायच्या. तो पांढरी टोपी घालून सासुरवाडीला यायचा आणि कशावरही म्हणायचा, “अर्ज करू या.” तिघांनाही वाटायचं की आपण विचार करून मत बनवलं. मला तर दिसायचं की ज्याचे पाय जिथे फिरले तिथली माती त्याच्या मताला लागली आहे. पण मला कोण विचारतो.

त्या वर्षी रोपाचा वाफा भाजायला, राबासाठी, फांद्या तोडताना बा झाडावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. घरात आई, मी आणि लहान बहीण. नांगर धरणारं कोणी नाही. तरी आम्ही घाबरलो नव्हतो, कारण पाड्यात सावड होती. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात आवणी, म्हणजे भाताची लावणी, करायची, उद्या माझ्या. आवणीआधी बाऱ्या, म्हणजे कोणाच्या शेताची पाळी कधी, ते ठरवायला सगळे काकाच्या ओट्यावर बसले. तिथे काका उठून म्हणाला, “वेठ सांगणाऱ्याच्या शेतात आमची माणसं उतरणार नायत.” आत्याचा नवरा म्हणाला की आधी अर्ज करू, तोवर शेत लावून टाकू. मग जे भांडण पेटलं त्यात अर्ध्या पाड्याने काकाची री ओढली, बाकीचे गप्प बसले, आणि आमची बारी काही कोणी धरली नाही.

बा घरी खाटेवर छताकडे बघत पडून होता. मला त्याचा राग आला, काकाचा त्याहून जास्त आला. आवणाचं रोप तर कोणासाठी थांबत नाही. रोप जून झालं, कांडी धरली, की लावूनसुद्धा लोंबी भरत नाही. म्हणजे वर्षभर आम्ही खायचं काय, बावटा की अर्ज?

मी ठरवलं. काकाच्या बारीला सकाळीच मी इरलं घेऊन त्याच्या शेतात उतरले.

“तुला कोणी बोलावलं?” काका म्हणाला.

“सावडीला बोलवावं लागतं हे कधीपासून?” मी म्हटलं आणि रोपांची मूठ सोडून लावायला लागले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतात, मग त्याच्या पलीकडच्या. एकजणही नीट बोलेना. कंबर मोडायची, आई रात्री तेल चोळता चोळता पुरे म्हणायची. मी म्हणायचे, पुरे कसं? माझ्या हाताचं रोप ज्याच्या शेतात उभं आहे तो किती दिवस तोंड फिरवेल ते मला बघायचं होतं.

एका सकाळी काका बैल घेऊन आमच्या बांधावर आला. मागे सगळा पाडा होता, टोपीसकट. बाच्या तोंडाकडे न बघता काका म्हणाला, “मी वेठ सांगणाऱ्याच्या शेतात आलो नाय. पोरीची सावड फेडायला आलो.”

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. बाला उचलून बांधावर बसवलं होतं. चिखलणी झाली, आवण हातोहात लागायला लागलं. शेत निम्मं लागलं असेल आणि शिपाई आला. मोखाड्याकडून येणाऱ्या कुणा साहेबाची गाडी घाटात चिखलात रुतली होती. सामान जव्हारला न्यायला माणसं हवी होती, लगेच.

“हाक मार,” शिपाई बाला म्हणाला.

सगळे हातातल्या मुठी धरून उभे राहिले. माणसं गेली असती तर उपटलेलं आवण वाया गेलं असतं, आणि एवढी ओढून आणलेली सावड पुन्हा जमली नसती. मी खाली वाकले आणि लावत राहिले.

“माणूस नाय,” बा म्हणाला.

“मग ही समोर दिसतात ती?”

“ती पोरीच्या सावडीला आलीत. माझी नायत.”

“हे शेत कशापायी खातोस, आठवतंय ना?”

“आठवतंय,” बा म्हणाला. “लावून होऊ दे. मग न्या.” शिपाई शिव्या देत दुसऱ्या पाड्याकडे वळला.

संध्याकाळी काका म्हणाला की बावट्याने जिंकलं. आत्याचा नवरा म्हणाला, शांतपणे नाही म्हणायचं हेच तर तो इतके दिवस शिकवत होता. बा दोघांवर खेकसला, राजाच्या कानावर गेलं असतं तर त्यानेच शिपायाला हाकललं असतं. एका माणसाच्या एका नकाराचे तीन धनी झाले. मी पाय धुऊन भाकऱ्या थापायला बसले.

कापणी आम्हीच केली. पुढे बाचं वेठ सांगायचं काम गेलं आणि कामापोटीचं शेतही गेलं. राहिला डोंगरउतारावरचा नागलीचा तुकडा. बा मरेपर्यंत राजाचाच माणूस राहिला, पण तोंडाशी हात नेलेलं मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी बाऱ्या ठरवायला तो काठी टेकत काकाच्या ओट्यावर आला. काका चाचरत म्हणाला, “दादा, तुझं तर भाताचं शेत नाय आता. बारी कोणाची धरू?”

बाने दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं. “हिची धर, नागलीच्या तुकड्यावर,” तो म्हणाला. “गेल्या साली शेत हिनंच लावलंतं.”