पुसणार कोण?

नवं सॅम्पल ऑफिसात आलं की बाकीचे आम्ही त्याचा रंग बघायचो, हात फिरवून पोत बघायचो. काकू पर्समधून स्टीलची छोटी डबी काढायच्या. डबीत तेलात कालवलेली हळद. त्या हळदीचं बोट कोऱ्या सॅम्पलच्या बरोबर मधोमध टेकवायच्या आणि ते खिडकीत ठेवून द्यायच्या. कंपनीचा माणूस समोर बसलेला असला तरी. त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. "थांबा ना बाप्पा," काकू त्याला म्हणायच्या, "संध्याकाळी पुसून पाहू, मग बोलू."

आमचं इंटिरियरचं ऑफिस सदाशिव पेठेत, पहिल्या मजल्यावर. त्यातली एक खोली सॅम्पलची. लॅमिनेटचे, लाकडी व्हिनियरचे तुकडे, फरशा, दगड, पडद्यांची कापडं; गिऱ्हाइकाला घरात काय लावायचं ते इथूनच दाखवायचं. काकू यायच्या आधी त्या खोलीत शिरणं म्हणजे भंगारवाल्याकडे जाणं. सोफ्याच्या कापडाचा एक तुकडा मला बाथरूमच्या टाइल्सखाली मिळाला होता, तोही वेगळंच काही शोधताना. शेवटी सरांनी खोली लावायला माणूस ठेवायचं ठरवलं आणि काकू आल्या. अकोल्याच्या शाळेत गृहशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, मुलगा इथे आयटीत म्हणून पुण्यात आलेल्या आणि घरी बसून कंटाळलेल्या.

खोली त्यांनी लावली. अशी लावली की आम्हाला काही सापडेना.

आता तुम्हीच सांगा, अशी खोली तुम्ही कशी लावाल? कंपनीप्रमाणे, नंबराप्रमाणे, फार तर रंगाप्रमाणे. काकूंनी तीन कपाटं केली. एकावर चिठ्ठी 'रोज पुसावं लागेल', दुसऱ्यावर 'आठवड्यातून पुसलं तरी चालेल' आणि तिसऱ्यावर 'पुसून उपयोग नाही'. तिसरं कपाट सगळ्यात गच्च, आणि आम्हा डिझायनर मंडळींच्या आवडीचं झाडून सगळं त्यातच.

"काकू, ते अक्रोडाचं व्हिनियर कुठाय? नंबर सांगते."

"नंबर राहू दे माय. लागणार कुठे?"

"टीव्हीच्या मागे."

"आणि पुसणार कोण?"

दिवसातून दहा वेळा हा प्रश्न. गिऱ्हाईक बाहेर घड्याळ बघतंय, सर आतून हाका मारतायत आणि मी काकूंना सांगतेय की त्या घरात धूळ कुठून येते आणि मोलकरीण कितीदा येते. डोक्याचा भुगा व्हायचा. बरं, भांडावं तर बाई स्वभावाने लोण्यासारख्या. डब्यात माझ्यासाठी वेगळी भाकरी आणणार, मी जेवले नसले तर पेन्सिल काढून घेणार. अशा माणसावर ओरडता येत नाही, आणि न ओरडता काम होत नाही.

अशात सरांनी पहिल्यांदाच एक अख्खं घर माझ्या एकटीवर सोपवलं. वारज्यातलं जोडपं, दोघंही नोकरी करणारे, नवा फ्लॅट. हे नीट पार पडलं तर पुढची घरं मिळणार होती. नाहीतर पुन्हा दुसऱ्यांच्या नकाशांवर मापं टाकत बसायचं. स्वयंपाकघर त्यांना पांढरंशुभ्र हवं होतं, ओट्यालाही पांढरा संगमरवर. मी काकूंना चुकवून एक बिनडागाचा तुकडा मागवून ठेवला. तो टेबलावर ठेवला, दोघांचे डोळे चमकले, आता फक्त हो म्हणायचं बाकी होतं. तेवढ्यात काकू बोलावल्याशिवाय आत आल्या. हातात त्याच दगडाचा त्यांचा तुकडा, मधोमध पिवळा टिळा.

"सकाळी हळद लावली होती. आत्ता साबणाने घासून आणला," त्या म्हणाल्या. "दगड छानच आहे. पण पुसणार कोण?"

"आम्ही काळजी घेऊ," नवरा म्हणाला.

"आम्ही म्हणजे?" हे बायकोने विचारलं.

"अगं, बाई येते ना आपली."

"बाई दुपारी येते. स्वयंपाक सकाळी होतो."

"मग मी पुसत जाईन."

त्यावर ती हसली, आणि ते हसू काही बरं नव्हतं. मग डबे कोण भरतं ते निघालं, सासूबाई राहायला आल्या होत्या तेव्हाचं निघालं, मुलाच्या तापातली रजा कोणी घेतली ते निघालं. मी नकाशात डोकं घालून बसले होते. चहा तसाच ठेवून दोघं उठले. पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला, काम सध्या थांबवतोय म्हणून.

मी तडक सॅम्पलच्या खोलीत गेले. "काकू, माझं काम गेलं. तुम्हाला कोणी विचारलं होतं मध्ये पडायला?"

"कोणीच नाही," त्या म्हणाल्या. हातातलं फडकं खाली ठेवलं. "काम गेलं हे वाईट झालं गं. मलाही कोणी विचारलं नव्हतं. घर बांधलं तेव्हा ह्यांनी घरभर पांढरी फरशी घातली. लोक वा वा करत. शाळेतून आले की मी आधी फरशी पुसायची, मग कुंकू नीट करायची, मग चहा. ह्यांना ती फार आवडायची, म्हणून कधी बोलले नाही."

मला तर अजून राग काढायचा होता. तो घेऊन तशीच परत आले.

गोष्ट सरांपर्यंत गेली होतीच. कंपन्यांच्याही तक्रारी होत्या. हळद बंद, चिठ्ठ्या बंद, सगळं कंपनी आणि नंबराप्रमाणे लावायचं, असं ठरलं. काकूंनी डागाळलेले तुकडे काढून टाकले, नवे मागवले, प्रत्येकाला नंबर चिकटवला. इतकं नेटकं काम मी त्या ऑफिसात दुसरं पाहिलेलं नाही. ते पुरं झालं आणि त्या म्हणाल्या, "आता कोणालाही सापडेल. माझं काय काम?" मुलाची हैदराबादला बदली झाली होती, हेही कारण असेल. निरोपाला ढोकळा आणला होता. तोही त्यांनीच वाटला.

आता हवं ते सॅम्पल मिनिटात मिळतं. दुसऱ्या ऑफिसांतले लोक ती खोली बघायला येतात. मी मात्र तिथे गेले की कारण नसताना चिडते. तिथे कोणी काही विचारत नाही, हे मला इतकं खुपेल असं वाटलं नव्हतं.

परवा वारज्याच्या त्या बाईंचा फोन आला. घराचं काम पुन्हा काढतोय, म्हणाल्या. मला खुर्चीत बसवेना. म्हटलं, शनिवारी या, सगळं काढून ठेवते.

"त्या काकू असतील ना?"

"नाही, त्या सोडून गेल्या. पण सॅम्पल सगळी आहेत. उलट आता छान लावलेली आहेत."



"मला त्यांच्याशीच बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. "मग राहू द्या."