लॉरीच्या अंगावर माझी गोधडी

सवत कुणी पाहिली असेल नसेल, मी पाहिली आहे. ती लॉरी होती आणि रोज रात्री आमच्या दारात मुक्कामाला असायची.

लग्न होऊन मी पिंपळवंडीला आले तेव्हा हे जुन्नरच्या एका बागवान शेटची पेट्रोलची लॉरी चालवायचे. ती बिचारी हँडल मारलं की मुकाट चालू व्हायची. मग शेटनं डिझलची नवी घेतली आणि माझ्या संसाराला दृष्ट लागली. नवी थंडीत रुसायची, आणि तिचा रुसवा काढताना ह्यांना कधी कंटाळा आला नाही. मी रुसले तर मात्र घरात कुणाला पत्ता लागायचा नाही. पौषात चुलीवर माझ्या न्हाणीचं पाणी कढत झालं की हे हंडा उचलून बाहेर न्यायचे आणि रेडिएटरमध्ये ओतायचे. मी गार पाण्यानं अंघोळ करायची. माझ्या आईनं स्वतःच्या लुगड्यांची शिवून दिलेली मऊ गोधडी रात्रभर लॉरीच्या बॉनेटवर, आणि मी खाली घोंगडीत कुडकुडत. काही बोललं की म्हणायचे, तिचं इंजिन गारठलं तर उद्या खायचं काय? खरंच होतं ते. पण माझं अंग जळायचं ते जळायचंच.

त्यात लग्नाला इतकी वर्षं होऊन माझी कूस उजवली नव्हती, आणि तिकडे लोणीला माझ्या भावाला मुलगा झाला. बारशाला नाव ठेवायचा, बाळाच्या कानात ते पहिल्यांदा सांगायचा मान आत्याचा. थोरली आत्या मी. धाकटी बहीण महाळुंगे पडवळला दिलेली, तिच्या पदरात देवानं ओळीनं पोरं घातली होती. तरी तिचा निरोप आला, की अक्काला यायला जमलं नाही तर काळजी नको, मी आहेच. ते ‘मी आहेच’ माझ्या काळजात रुतून बसलं. सगळं तर तुला मिळालं बाई, आता एवढंही तुलाच हवं? मी नाव कधीच ठरवलं होतं आणि कुणाला कळू दिलं नव्हतं.

मी पहाटेच्या एस.टी.नं निघणार होते. हे म्हणाले, एस.टी. कशाला, लोणीकडनं कांदा भरायचाच आहे, लॉरीनंच सोडतो. मीही भुलले. सवतीच्या शेजारी मिरवत माहेरी जायचं, यात थोडी सुडाची गोडी होतीच.

आणि त्याच सकाळी ती अडून बसली. एस.टी. तर केव्हाच गेली होती.

ह्यांनी सेल्फ मारला. इंजिन म्हाताऱ्यासारखं कण्हलं आणि गप्प झालं. थंडीनं ऑइल घट्ट झालंय म्हणाले. माझा हंडा गेला. मग काठीला चिंधी गुंडाळून काकडा केला, तो माझ्या कंदिलाच्या रॉकेलमध्ये बुडवला आणि पेटवून इंजिनाच्या पोटाखाली फिरवला. मधूनमधून बॉनेट थोपटून हळूच म्हणायचे, चल माझी बाय, चल. मला असं कधी म्हटलेलं आठवत नाही. सासू ओट्यावर शेगडी घेऊन बसली होती, ती म्हणे, थंडीच लई पडलीय, तिला तरी काय बोल लावायचा. म्हणजे सासूसुद्धा तिच्याच बाजूची.

इंजिन उबलं. सेल्फ आता झपाझप फिरवत होता, तरी ते पेट घेईना, मागून धुराचा पुंजकासुद्धा येईना. नळीत हवा धरली असेल म्हणून ह्यांनी स्क्रू ढिला करून हातपंप मारला. तेही वाया गेलं. ऊन ओट्यावर आलं. माझ्या डोळ्यांपुढे धाकटी पाळण्यावर वाकलेली दिसू लागली.

रॉकेल संपलं होतं. म्हणून हे लॉरीखाली शिरले, टाकीच्या तळाचा बोल्ट सैल केला आणि नवी चिंधी त्या धारेखाली भिजवली. तिला काडी लावली तर ती तडतडली, फुरफुरली आणि विझली. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. पावसाळ्यात कंदिलात पाणी गेलं की वात अशीच तडतडते.

मी म्हणाले, “थंडीबिंडी काय न्हाई. पाणी हाय ह्यात. तुमच्या लाडकीला पाणी कुणी पाजलं?”

ह्यांनी हातावर धार घेऊन बघितली. डिझलखाली पाण्याचे थेंब वेगळे गरगरत होते. ह्यांचा चेहरा उतरला. ओट्याकडे एकदा बघून ते मला लॉरीच्या आडोशाला घेऊन गेले.

“आईनं देवीचं तीर्थ आणलं व्हतं. तुला पाजायला. पोरासाठी.”

“मग मला का न्हाई दिलं?”

“दिलं असतं तर तुला वाटलं असतं, मीबी तुला वांझच समजतो.”

तीर्थ पायाखाली सांडायचं नसतं. घरात ठेवलं तर माझ्या नजरेला पडणार. म्हणून ह्यांनी ते लॉरीतल्या रिकाम्या डिझलच्या डब्यात ओतून ठेवलं होतं, आज जाताजाता घोड नदीत सोडू म्हणून. काल संध्याकाळी शेटच्या गड्यानं न बघता त्याच डब्यात डिझल भरलं आणि टाकीत ओतलं. लॉरी घरापर्यंत आली, पण रात्रभरात पाणी तळाला बसलं.

सकाळपासून जिभेवर गोळा केलेल्या शिव्या मी गिळल्या. रडू आलं. आणि खरं सांगते, तेव्हाही पोटात जळलंच, की नवऱ्याच्या मनातलं हे माझ्या सवतीला माझ्याआधी कळलं.

ह्यांनी स्वच्छ डिझल दिसेपर्यंत धार सोडली, गाळणी पुसली, पुन्हा हवा काढली. सेल्फ मारला तशी ती काळा धूर ओकत गरजली. तळातलं पाणी मात्र ह्यांनी डब्यात धरलं होतं. वाटेत घोड नदी लागली तेव्हा आम्ही दोघांनी ते मिळून सोडलं. सासूनं पुढं विचारलं, तीर्थ घेतलंस ना गं? मी घेतलं म्हणून सांगितलं.

लोणीला पोचलो तेव्हा बायका घुगऱ्या घेऊन घरी निघाल्या होत्या. धाकटी पाळण्याची दोरी धरून बसली होती. “अक्का, लई वाट बघितली,” ती म्हणाली. नाव तिनं ठेवलं होतं, तिच्या आवडीचं. मी हसले, कुंकू लावून घेतलं, दोन घास खाल्ले.

घरच्या सगळ्या पंगतीत गुंतल्या तेव्हा मी पाळण्याशी गेले आणि बाळाच्या दुसऱ्या कानात माझं नाव सांगितलं. आज तो नातवंडांचा धनी आहे. गावच्या चावडीपासून कोर्टापर्यंत धाकटीनं ठेवलेल्या नावानं चालतो. पण आम्ही दोघंच असलो की मी त्याला माझ्या नावानं हाक मारते, आणि तो ओ देतो. धाकटीला हे अजून माहीत नाही.