जिनिंगच्या आवारातली बाई

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी स्वतःबद्दल काही लिहिलेलं नाही, आणि मीही परीक्षेपुरता लिहिणारा मुलगा. तुमचा वेळ घ्यायचा मला काय अधिकार? पण ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही — आईला नाही, खोलीवरच्या मित्रांना नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच.

मी मंठ्याचा. वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात हमाली करतात, आई खुरपणीला जाते. घर एका खोलीचं, तेही धाकट्या बहिणींची भांडणं आणि शेजारचा टीव्ही धरून. बारावीचा अभ्यास तिथं व्हायचा नाही. म्हणून मी वस्तीमागच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये जाऊन बसायचो. तिथं कापसातली सरकी काढायचं थांबून इतकी वर्षं झाली होती, की आवारात बाभळी माजल्या होत्या. पण एका शेडचं छप्पर शाबूत होतं, आत सिमेंटचा ओटा होता. आणि शांतता. जन्मात पहिल्यांदा मला एखादी जागा माझी वाटली — ती माझी नव्हती, तरीही.

त्या जमिनीवर कागदोपत्री कारखान्याचं आरक्षण होतं. नगरपंचायतीनं ते बदलायचं ठरवलं. तिथं बेघरांसाठी घरकुलं होणार होती, आणि एका अंगाला एकट्या म्हाताऱ्या बायांसाठी खोल्या. सामाईक स्वयंपाकघर, सोबतीला एक बाई, तब्येत बघायला अधूनमधून नर्स. जाहीर सूचना भिंतीवर लागली आणि गल्लीतल्या बायांनी मला ती वाचून दाखवायला बोलावलं. मी वाचली. एक अक्षर गाळलं नाही. तोवर सगळं खरंच होतं.

मग कौसाआजीनं विचारलं.

कौसाआजी कोण, हे सांगायला हवं. ती आमच्याच गल्लीत, दुसऱ्याच्या भिंतीला टेकवलेल्या पत्र्याच्या आडोशात राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा तिनं दारोदार साखर वाटली होती — माझ्या आईच्याही आधी. उन्हाळ्यात तिचा पत्रा असा तापायचा, की ती दुपारभर रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली बसून काढायची. त्या खोल्या कुणासाठी असतील, तर तिच्यासाठी.

ती म्हणाली, "तू रोज तिथं बसून राह्यला. जागा कशीये रे बाबा?"

साधा प्रश्न होता. चांगली आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मला ओटा दिसला. परीक्षा दिसली. पुन्हा घरातली ती एक खोली दिसली. आणि मी म्हणालो —

"जागा बरी न्हाई, आजी."

का? काय झालं? बायांनी घेरलं. मी थांबू शकलो असतो ना? थांबलो नाही. सांगितलं, की भर दुपारी शेडच्या मागून बाई रडल्याचा आवाज येतो. बघायला गेलं की कुणी नसतं. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, किती सहज जमलं ते.

गल्लीतला एक दारुडा असलंच काहीतरी नेहमी सांगायचा. त्याला बाया हसायच्या, "उतरली का रे?" म्हणायच्या. मला कुणी हसलं नाही. एकजण म्हणाली, "कालेजाचं पोरगं हाये. ते कशाला खोटं बोलंल?" आमच्या गल्लीत शिकलेला मी एकटाच. माझ्या शब्दाला वजन आलं होतं, आणि ते मी पहिल्यांदा वापरलं ते असं.

नगरपंचायतीची माणसं विचारायला आली तेव्हा बाया नको म्हणाल्या. राहणारेच तयार नाहीत म्हटल्यावर प्रस्ताव मागे पडला. माझा ओटा वाचला.

इथंच संपलं असतं, तर कदाचित मी विसरलोही असतो. पण मी ते खोटं बोललो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी शेडमध्ये पुस्तक उघडलं, तर मोडक्या फाटकाशी कौसाआजी. वाती वळायला कापूस घेऊन आलेली.

"तू वाच," म्हणाली. "एकट्याला सोडते व्हय तुला? मी हाये इथं."

ती रोज येऊ लागली. भुताला शिव्या दिल्या की ते जवळ येत नाही, असं आमच्याकडं मानतात. तिला माझ्या अभ्यासात खंड पाडायचा नसायचा, म्हणून बराच वेळ गप्प राहायची. आणि मग एकदम बाभळींकडं बघून ओरडायची, "ये की गं सटवे! लेकराला हात तर लाव, मंग झिंज्याच उपटते तुझ्या!" की पुन्हा वाती. मी आत. हातात पुस्तक, आणि डोळ्यांपुढं एक ओळ नाही. मीच जन्माला घातलेल्या त्या बाईपासून ती मला राखत होती. तेव्हा सांगायला किती वेळ लागला असता?

पुढं एका वादळात तिचा पत्रा उडाला. कितीतरी दिवस ती आमच्या उंबऱ्याशी झोपली. पहाटे अभ्यासाला निघताना मी तिला ओलांडून जायचो. तरी सांगितलं नाही. ती मला वाईट म्हणेल, याची भीती नव्हती. ती माफ करेल, आणि मग मला तिच्यासारखं व्हावं लागेल — अशी काहीतरी भीती होती. नीट सांगता येत नाही.

मी पास झालो. आता जालन्यात कॉलेजला आहे. आज जे काही आहे, ते त्या फाटकाशी बसलेल्या म्हातारीमुळं, हे मला रोज आठवतं.

मी गाव सोडल्यावर प्रस्ताव पुन्हा आला. बैठकीला ये, असं आईनं कळवलं होतं. मी परीक्षेचं सांगितलं. परीक्षा नव्हती. बैठकीत कौसाआजीच उठली म्हणे. "पोरगं तिथं बसून शिकलं. त्याला काई झालं न्हाई, मंग मला म्हातारीला काय होतंय?" नको म्हणायला बाकीचं कुणी उठलं नाही, आणि तिनं हो म्हटलं. आरक्षण बदललं, खोल्या बांधल्या. माझं खोटं मी कधीच खोडलं नाही. ते तिनं, ते खोटं आहे हे माहीत नसताना, स्वतःच्या अंगावर घेतलं.

काल आईचा फोन आला. कौसाआजी राहायला गेली. एकटीच, बाकीच्यांची अजून हिंमत होत नव्हती. आणि सकाळी खोलीतून आरडाओरडा. भुतानं धरलं तिला, म्हणून बाया लांबच उभ्या राहिल्या. आई तेवढी धावत गेली. तर आजीनं आतून कडी लावलेली, आणि ती काढता येईना. उभ्या जन्मात तिच्या घराला कडीच नव्हती. आई बाहेरून सांगते, वर उचल, मंग सरकव. आणि आजी आतून हसून हसून बेजार. दार उघडल्यावर तिनं लांब उभ्या बायांना हाका मारून आत नेलं, खोली दाखवली, पंखा लावून दाखवला, आणि प्रत्येकीला ती कडी लावायला-काढायला लावली.

आज आईनं कळवलं, त्यातल्या दोघी सामान घेऊन तिथं राहायला गेल्या.